शून्य तासाचा नमुना

शेळी घरी आणायची कल्पना माझी होती, हे आधीच कबूल करून टाकतो. पुढे घरात, इमारतीत आणि विद्यापीठातल्या आमच्या विभागात ह्या कल्पनेचं पितृत्व घ्यायला कोणी पुढे येईना, तेव्हा ते माझ्याच गळ्यात राहिलं. "चार दिवसांचा तर प्रश्न आहे," असं मी आईला म्हणालो होतो. आयुष्यात ज्या ज्या गोष्टीला मी चार दिवसांचा प्रश्न म्हटलं, तिने मला चांगलं रडवलं आहे. माझं संशोधनही त्यातलंच. ते तेव्हा पाचव्या वर्षात होतं.

संशोधनाचा विषय सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. शिवाय तो आपण होऊन विचारणारं माणूस मला क्वचितच भेटतं. शेळीचं करडू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगांशी लढणाऱ्या अँटीबॉडी जवळजवळ नसतातच. माणसाच्या बाळाला त्या आईच्या पोटातच मिळतात. शेळी त्या पोटातून देत नाही, चिकातून देते. व्याल्यावर पहिल्या दिवशी येणारं घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. करडाच्या आतड्याला एक दार असतं असं समजा, आणि ते पहिला दिवसभरच उघडं असतं. तेवढ्या वेळात चीक पोटात गेला तर गेला, नंतर बादलीभर पाजला तरी अँटीबॉडी रक्तात शिरत नाहीत. माझं काम असं, की करडू जन्मलं की त्याने एक थेंबही पिण्याआधी त्याचं रक्त घ्यायचं. ह्याला 'शून्य तासाचा नमुना' म्हणतात. मग पाजायचं आणि ठरावीक तासांनी पुन्हा रक्त घ्यायचं. शून्य तासाच्या नमुन्यात काही सापडत नाही. सापडू नये अशीच अपेक्षा असते. पाच वर्षं मी हे 'काही नाही' मोठ्या निगुतीने मोजत होतो. "आणि एवढ्यासाठी शिकावं लागतं?" असं समोरच्या काकूंनी एकदा विचारलं होतं. त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून तयार करतो आहे.

तर अकरा शेळ्या झाल्या होत्या. बारावी व्याली की आकडे पूर्ण, मग लिहायला बसायचं. नेमका तेव्हाच विभागाच्या गोठ्याला रंग द्यायचं ठरलं. प्राण्यांची नीट काळजी घेतली जाते की नाही हे पाहायला बाहेरची माणसं येणार होती, आणि त्यांना भिंती पांढऱ्या दिसाव्यात म्हणून प्राण्यांना बाहेर काढलं. बाकीच्या शेळ्या लांबच्या शेतावर गेल्या. माझी बारावी दिवस भरलेली, तिला टेम्पोत घालून साठ किलोमीटर हलवणं बरं नव्हे. मी माझ्या मार्गदर्शक सरांना म्हणालो, "सर, आमच्या घरामागे अंगण आहे." सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ने. कागदाचं नंतर बघू." हे वाक्य ज्या माणसाने ऐकलं आणि तरीही जो निर्धास्त राहिला, त्याला पदवी कशाला द्यायची, असं आता मला वाटतं.

अंगण हीसुद्धा माझी अतिशयोक्ती होती. तळमजल्यावरच्या आमच्या घरामागे फरशी घातलेली एक जागा आहे. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, एक फुटकी बादली आणि आईच्या सहा कुंड्या एवढं तिथे मावतं. घरात आम्ही दोघंच, आई आणि मी. शेळी आली ती सगळी इमारत कामाला निघायच्या वेळेला. सेक्रेटरी अर्ध्या गालावर दाढीचा साबण ठेवून खाली उतरले. ते नियमांचे पक्के. त्यांनी पाळीव प्राण्यांचा अर्ज आणला. त्यात कुत्रा, मांजर आणि पक्षी असे तीनच रकाने होते.

"ह्यात शेळी कुठे बसते?" त्यांनी विचारलं.

"बसत नाही हो, आल्यापासून उभीच आहे," आई म्हणाली.

बरीच चर्चा होऊन शेळीची नोंद 'कुत्रा, जात: अन्य' अशी झाली. मग कुत्र्याचे सगळे नियम तिला लागू झाले. फाटकावर 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी लावणं सक्तीचं होतं, ती मला लावावी लागली. ती वाचून जीव मुठीत धरून आत येणाऱ्या माणसांना समोर शेळी दिसे, आणि मग ती माणसं माझ्याकडे ज्या नजरेने बघत, ती नजर मी अजून विसरलेलो नाही. समोरच्या काकूंनी सल्ला दिला की गाभण जनावराजवळ रेडिओ हळू आवाजात लावावा. वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर फरशीचा उतार मोजून गेले, आणि शेळी चुकीच्या कोपऱ्यात बांधली आहे असा लेखी अहवाल त्यांनी मला दिला. त्यांचं बरोबर होतं, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

आई पहिले दोन दिवस शेळीशी बोलली नाही. माझ्याशीही बोलली नाही म्हणा. तिसऱ्या दिवशी मागच्या दारातून आवाज आला, "अगं, कूस बदल. एकाच अंगावर किती वेळ पडशील?" मी बाहेर जाऊन आईला समजावलं, की प्रयोगातल्या प्राण्याशी नातं जोडायचं नसतं, त्याने निरीक्षणात फरक पडतो.

"मी कुठे जोडतेय?" आई म्हणाली. "तीच बोलते माझ्याशी."

"आई, तुला त्यातलं कळत नाही."

हे वाक्य मी त्या घरात किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे. सगळं मोजायची सवय लागलेल्या माणसाने नेमकं हेच मोजलं नाही.

शेळी काही माझ्या वेळापत्रकावर चालणारी नव्हती. चार दिवस गेले, सहा गेले, सेक्रेटरींनी दोनदा विचारून झालं. नवव्या दिवशी सकाळी सव्वानऊला ती व्याली. एकच करडू, तांबूस रंगाचं, एक कान पांढरा. आईने जुन्या टॉवेलने त्याचं नाकतोंड पुसलं. मी हातमोजे चढवले, सुई काढली आणि उत्साहाच्या भरात आधी सरांना फोन लावला. तो लावला नसता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

"सर, व्याली! पिल्लू एकदम तरतरीत आहे."

"रक्त घेतलंस?"

"घेतो आता. सुई हातातच आहे."

"थांब. परवानगीच्या पत्रात जागा काय लिहिली आहे?"

मी पत्र काढून वाचलं. 'जागा: विभागाचा प्राणिगोठा.'

"मग तुझ्या मागच्या दारात सुई टोचून कसं चालेल?" सर म्हणाले. "उद्या कोणी विचारलं तर बाराही शेळ्या पाण्यात. आधी पत्रातली जागा बदलून आण, सही-शिक्क्यासकट. मग टोच."

"आणि तोवर पाजू?"

"पाजलंस तर शून्य तास कुठला राहिला? पाच वर्षं काय केलंस रे?"

म्हणजे परवानगीशिवाय रक्त नाही, आणि रक्ताशिवाय दूध नाही. ह्या दोन नियमांच्या मधोमध ते ओलं करडू थरथरत उभं होतं. मी त्याला उचलून कपड्यांच्या टोपलीत घातलं, टोपली स्वयंपाकघरात ठेवली आणि मागचं दार लावून घेतलं. पलीकडून शेळीने हाक मारली. टोपलीतून उत्तर आलं.

"अरे, आत्ता जन्मलंय ते," आई म्हणाली. "भुकेलंय."

"तासा-दीड तासाचा प्रश्न आहे."

"ती बघ कशी हाका मारतेय."

"आई, एक थेंबही द्यायचा नाही. सांगितलं ना, तुला त्यातलं कळत नाही."

टोपलीतला टॉवेल आईने जरा वर ओढला. मी स्कूटरला किक मारली. पहिल्या काही तासांतल्या चिकाची सर जगात दुसऱ्या कशालाच नाही, हे वाक्य माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर आहे. ते मी स्वतः लिहिलं आहे आणि त्याखाली रेघही मारली आहे.

प्राणी कल्याण समितीच्या कचेरीत एक कारकून होता. तो म्हणाला, जागेच्या बदलाला सात नंबरचा फॉर्म लागतो. सात नंबरचे फॉर्म संपले होते. मूळ प्रत कपाटात होती, कपाटाची किल्ली सहायक बाईंकडे आणि बाई जेवायला. बाई आल्या, फॉर्म निघाला, तेव्हा झेरॉक्सवाल्याकडे वीज गेली. मी शेवटी फॉर्म हाताने उतरवून काढला. तो चालेल की नाही यावर आत अर्धा तास खल झाला. चालेल असं ठरलं, पण समितीच्या अध्यक्षांची सही हवी, आणि अध्यक्ष गेले होते दाताच्या डॉक्टरकडे.

दाताच्या दवाखान्यातल्या बाईंनी मला विचारलं, "कुठला दात दुखतोय?" मी म्हणालो, "दात नाही, सही हवी आहे." त्यांनी मला पाऊण तास बाकावर बसवून ठेवलं. शेवटी मी आत घुसलो तेव्हा अध्यक्ष खुर्चीत आडवे होते, अर्धा जबडा बधिर, तोंडात कापूस. माणूस कर्तव्यदक्ष. त्याही अवस्थेत त्यांनी तो ठरलेला प्रश्न विचारलाच. तीनदा विचारला तेव्हा मला कळला. "प्राण्याला त्रास तर होत नाही ना?"

"नाही सर, अजिबात नाही," मी म्हणालो.

तेव्हा करडाला जन्मून सहा तास झाले होते. त्यांनी सही केली. परत कचेरीत गेलो तर शिक्क्याची गादी वाळलेली. तिच्यावर शाई ओतली, ती मुरायची वाट पाहिली, शिक्का मारला तो उलटा उमटला, पुन्हा मारला. घरी पोचलो तेव्हा सव्वासहा वाजले होते.

करडू टोपलीत गाढ झोपलं होतं. मला भडभडून आलं. भुकेने ग्लानी आली असणार, असं मी मनाशी म्हटलं. आई कपड्यांच्या घड्या करत होती.

"झालं का काम?" तिने विचारलं.

"झालं एकदाचं."

मी रक्त घेतलं, नळीवर 'शून्य तास' असं लिहिलं आणि मग करडाला त्याच्या आईपाशी सोडलं. त्याने दोन घोट घेतले आणि तोंड फिरवलं. मी वहीत लिहिलं, 'उपासमारीमुळे भूक मंदावलेली.' ती वही अजून माझ्याकडे आहे. ते पान मी सहसा उघडत नाही.

पुढच्या आठवड्यात नमुने तपासले. बाराव्या करडाच्या शून्य तासाच्या नमुन्यात अँटीबॉडी होत्या. थोड्याथोडक्या नाहीत, चांगल्या भरघोस. मी पुन्हा तपासलं, तिसऱ्यांदा तपासलं. नळ्यांची अदलाबदल झाली का पाहिलं, रसायनं बदलली, यंत्र दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. मशिनची, बाटल्यांची, फ्रीजची, माझ्या स्वतःच्या हस्ताक्षराची, सगळ्यांची झडती घेतली. शेवटी सरांकडे गेलो. सर खुर्चीतून उठले. पाच वर्षांत सरांना असं ताडकन उठताना मी एकदाच पाहिलं होतं, तेव्हा खुर्ची मोडली होती.

"दूध पाजायच्या आधी?" सर म्हणाले. "म्हणजे पोटातूनच आलं! पुस्तकात लिहिलंय, शेळी पोटातून देत नाही. ही देते!"

सरांच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं आणि त्यांच्या नावावर अजून एकही शोध नव्हता. माझ्या नावावर तर पदवीही नव्हती. आम्हा दोघांनाही ते करडू हवं तसंच सापडलं होतं. खात्रीसाठी आणखी दोन शेळ्या पाहिल्या, त्यांच्या करडांचं रक्त नेहमीसारखं कोरं निघालं. "त्या सामान्य शेळ्या," सर म्हणाले. आठ महिन्यांत शोधनिबंध लिहून झाला, एका संशोधन-नियतकालिकाकडे पाठवून झाला, आणि विभागात माझं जाहीर व्याख्यान ठरलं. मी आईला बोलावलं. ती ठेवणीतले कपडे घालून आली आणि तिसऱ्या रांगेत बसली.

व्याख्यान झकास झालं. आतड्याच्या दाराचं चित्र मी मोठं करून दाखवलं. नऊ तासांत करडाला एक थेंबही मिळाला नव्हता, हे मी तीनदा सांगितलं. मग बाहेरून आलेल्या एक प्राध्यापिका उभ्या राहिल्या. शांत, करड्या केसांच्या बाई.

"ते नऊ तास करडू कोणाच्या ताब्यात होतं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या आईच्या," मी म्हणालो. "पण काळजी नसावी. तिला यातलं काही कळत नाही."

सभागृह हसलं. मोठ्याने, मोकळेपणी हसलं. मी तिसऱ्या रांगेकडे बघितलं तर आईही हसत होती. मला बरं वाटलं.

घरी आल्यावर मी खुर्चीत पाय पसरून बसलो, कौतुकाची वाट पाहत. आई समोर येऊन बसली.

"तू काय मोजत होतास ते मला आज कळलं," ती म्हणाली. "ते दाराचं चित्र दाखवलंस ना, तेव्हा."

"मग? कसं वाटलं?"

"अरे, त्या दिवशी तू गेलास, आणि तासाभराने मी त्याला सोडलं तिच्यापाशी. पोटभर प्यायलं. मग पुसून पुन्हा टोपलीत ठेवलं."

मी पसरलेले पाय जवळ ओढून घेतले.

"तासभर हाका मारत होती दोघं," आई म्हणाली. "दाराच्या अलीकडून ते, पलीकडून ती. किती ऐकायचं माणसाने?"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

"आठ महिने, आई!"

"मला वाटलं, तुला त्याचं रक्त हवं होतं, ते तुला मिळालं. खूश दिसत होतास. आणि तू म्हणायचास ना, तुला त्यातलं कळत नाही. म्हटलं, नसेल कळत." मग म्हणाली, "मघाशी त्या बाईंनी विचारलं तेव्हा सांगणार होते. पण इतक्या लोकांत तुझी फजिती कशाला?"

यंत्रापासून फ्रीजपर्यंत मी सगळ्यांची चौकशी केली होती. घरात एक माणूस होतं, त्याला मात्र विचारायचं मला सुचलं नाही. यंत्राला कळतं असं मी धरून चाललो होतो. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त भीती वाटली.

तीन दिवस मी गप्प राहिलो. हेही कबूल करतो. साक्षीदार म्हणाल तर एक शेळी आणि एक करडू, दोन्ही विभागाच्या पांढऱ्या गोठ्यात चारा खात होती. कोणाला कळणार होतं? पण आई रोज सकाळी चहाचा कप ठेवताना विचारायची, "सरांना सांगितलंस?" चौथ्या दिवशी मी सरांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पोटभर प्यायलं म्हणालास?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"बरं झालं," सर म्हणाले. हे ते मनापासून म्हणाले, आणि त्यानंतर त्यांनी त्या शोधाचं नावही कधी काढलं नाही.

निबंध मागे घ्यायचं पत्र मी लिहिलं. बारावी शेळी हिशेबातून गेली, परवानगी बाराच शेळ्यांची, म्हणून त्यानंतरच्या दोन बिनपरवाना ठरून त्याही गेल्या, आणि माझं एक वर्ष वाढलं. पत्रात मी सरळ लिहिलं होतं, 'रक्त घेण्यापूर्वी संशोधकाच्या आईने करडाला चीक पाजला होता.' सरांनी लाल पेन उचललं. "अशा पत्रात 'आईने' वगैरे लिहायचं नसतं रे," ते म्हणाले. 'संशोधकाच्या आईने' हे शब्द खोडून त्यांनी वर लिहिलं, 'एका अप्रशिक्षित व्यक्तीने.' मी ते पुन्हा टाइप केलं आणि खाली सही केली.

पाकीट घेऊन मी घरी आलो. आई म्हणाली, "माझं काय लिहिलंयस, बघू." मी नको नको म्हणत होतो, पण तिने चष्मा लावला आणि पत्र उभ्यानेच वाचून काढलं. त्या ओळीपाशी ती थोडी थांबली.

"बरोबर आहे की," ती म्हणाली. "मी कुठे काय शिकलेय?"

पत्राची होती तशीच घडी घालून तिने ते पाकिटात ठेवलं. पाकीट अजून चिकटवलेलं नव्हतं. एक ओळ बदलायची, तर रात्रभराचा वेळ माझ्या हातात होता. सकाळी मी ते तसंच पाठवलं.